रुंदी बदलणारे स्तंभालेख: आर, पायथन आणि एक्सेलमध्ये कसे काढायचे

शाळेत आलेख कागदावर स्तंभालेख काढताना बाईंनी एक नियम पक्का करून घेतलेला असतो: सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, दोन स्तंभांमधलं अंतरही सारखं. रुंदी चुकली की मार्क गेले. मी हा नियम थेट प्रबंधापर्यंत पाळला. लोकसंख्येच्या घनतेवरच्या प्रकरणात चार जिल्ह्यांचा साधासुधा बार चार्ट टाकला होता. गाइड मॅडमनी सिंधुदुर्गाच्या बारवर पेनचं टोक ठेवलं, मग शेजारच्या गडचिरोलीच्या बुटक्या बारवर नेलं आणि विचारलं, "म्हणजे सिंधुदुर्गात जास्त माणसं राहतात का गं?"

मी चार्टकडे बघून "हो" म्हणाले. साफ चूक. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. घनता सिंधुदुर्गाची दुपटीहून जास्त हे खरं, पण गडचिरोली जिल्हा क्षेत्रफळाने पावणेतीन पट मोठा आहे, आणि माझ्या चार्टमध्ये ते क्षेत्रफळ कुठेच नव्हतं. "रुंदीत घाल ते," एवढंच सांगून मॅडम लेक्चरला गेल्या. तासाभराच्या कामाला मला चार दिवस लागले. तुमचे चार दिवस वाचावेत म्हणून हे लिहून ठेवते आहे.

फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. तुम्ही ती रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करा; नावात जोडरेघ दिसेल तिथे अंडरस्कोर द्या.

हाताशी काय हवं

- प्रत्येक स्तंभासाठी तीन गोष्टी: नाव, उंचीचा आकडा, रुंदीचा आकडा
- पडताळ्यासाठी चौथा आकडा: रुंदी × उंची केल्यावर जे यायला हवं ते (माझ्या उदाहरणात लोकसंख्या)
- आर किंवा पायथन, आकडेमोड आणि आलेखांसाठी वापरतात त्या प्रोग्रॅमिंग भाषा. दोन्ही फुकट आहेत. नसेल तर एक्सेल
- कागद आणि पेन. गंमत नाही, पायरी ३ ला लागतील

पायरी १: रुंदी कशाची, ते आधी ठरवा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधीचं हे काम, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रुंदी बदलली की वाचणारा उंची बघत नाही, अख्खा आयत बघतो. त्यामुळे रुंदी × उंची या गुणाकाराला काहीतरी अर्थ असलाच पाहिजे. क्षेत्रफळ × घनता = लोकसंख्या. लागवडीखालचं क्षेत्र × हेक्टरी उत्पादन = एकूण उत्पादन. कामगारांची संख्या × सरासरी पगार = पगारावरचा खर्च. या जोड्या जमतात.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ × साक्षरतेचं प्रमाण याचं काय होतं? काहीच नाही. साक्षरता दाखवायची असेल तर रुंदी लोकसंख्येची घ्या, म्हणजे आयत साक्षर माणसांचा होईल. त्यातही एक बारीक खोच आहे: जनगणनेतलं साक्षरतेचं प्रमाण ७ वर्षं आणि त्यावरच्या लोकांत मोजतात. रुंदीला एकूण लोकसंख्या लावली तर पाळण्यातली पोरंही साक्षर धरली जातील. ७ वर्षं आणि त्यावरची लोकसंख्याच घ्या.

गुणाकाराला नाव देता येत नसेल तर सरळ सारख्या रुंदीचा चार्ट काढा. नुसतं "वेगळं दिसतं" म्हणून रुंदी बदलू नये.

पायरी २: आकडे जमवा आणि धुऊन घ्या

माझे आकडे असे होते, सगळे २०११ चे (घनता म्हणजे दर चौ. किमी माणसं):

ठाणे: ९,५५८ चौ. किमी, घनता १,१५७
पुणे: १५,६४३ चौ. किमी, घनता ६०३
सिंधुदुर्ग: ५,२०७ चौ. किमी, घनता १६३
गडचिरोली: १४,४१२ चौ. किमी, घनता ७४

पहिल्या सापळ्यात मी स्वतः अडकले. ठाण्याची लोकसंख्या २०११ ची घेतली (१,१०,६०,१४८) आणि क्षेत्रफळ आत्ताचं, ४,२१४ चौ. किमी. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जनगणनेच्या वेळी ते ५,३४४ चौ. किमीसुद्धा ठाण्यातच होते. माझी घनता निघाली २,६२५, आणि ती इतकी ठाण्याला शोभणारी वाटली की मला संशयही आला नाही. उंची आणि रुंदी एकाच वर्षाची, एकाच हद्दीची आहे ना, हे प्रत्येक ओळीला तपासा.

दुसरा सापळा स्वल्पविरामाचा. एक्सेलमध्ये आकड्यांना स्वल्पविराम दिलेले असतील तर सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करताना ते तसेच जातात आणि आर "१५,६४३" हा आकडा न समजता शब्द समजतं. त्याला जबरदस्तीने आकडा करायला गेलात की एनए, म्हणजे "आकडा नाही", मिळतं. एक्सेलमध्येच त्या कॉलमचा फॉरमॅट जनरल करून मग फाइल सेव्ह करा. पायथनच्या पांडास या लायब्ररीमध्ये फाइल वाचतानाच थाउजंड्स या पर्यायात स्वल्पविराम सांगता येतो.

पायरी ३: कडा कागदावर मोजा

स्तंभ एकमेकांना चिकटून उभे करायचे आहेत, म्हणजे प्रत्येकाची डावी कड आधीच्याच्या उजव्या कडेवर. त्यासाठी रुंदीची चढती बेरीज लागते. आधी क्रम लावा. मी उंचीने उतरता लावला. बेरीज करून मग क्रम बदललात तर स्तंभ एकमेकांवर चढतील.

ठाणे: ० पासून ९,५५८ पर्यंत, मध्य ४,७७९
पुणे: ९,५५८ ते २५,२०१, मध्य १७,३७९.५
सिंधुदुर्ग: २५,२०१ ते ३०,४०८, मध्य २७,८०४.५
गडचिरोली: ३०,४०८ ते ४४,८२०, मध्य ३७,६१४

आरमध्ये क्युमसम हे फंक्शन उजव्या कडा देतं, त्यातून रुंदी वजा केली की डावी कड, अर्धी रुंदी वजा केली की मध्य. पायथनमध्ये नमपाय लायब्ररीचं क्युमसम तेच करतं. तरीही एकदा हाताने करा. पुढे चार्ट वेडावाकडा आला की चूक कुठे झाली ते या चार ओळी सांगतात.

पायरी ४: आरचं साधं बारप्लॉट

सगळ्यात कमी टायपिंगचा रस्ता हा. बारप्लॉट या फंक्शनला रुंदी घेता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं:

बारप्लॉट(घनता, विड्थ = क्षेत्र, स्पेस = ०, नेम्स.आर्ग = जिल्हा)

घनता, क्षेत्र आणि जिल्हा ही तुमच्या कॉलमांची नावं. झालं. आता यातल्या खोड्या.

स्पेस = ० विसरू नका. न सांगता सोडलं तर आर प्रत्येक स्तंभाच्या आधी सरासरी रुंदीच्या ०.२ पट जागा सोडतं. आपली सरासरी रुंदी ११,२०५, म्हणजे २,२४१ चौ. किमीची रिकामी जमीन, पहिल्या स्तंभाच्या आधीसुद्धा! मी मध्य ४,७७९ धरून ठाण्याचं नाव टाकत होते आणि ते नाव स्तंभाच्या डाव्या बाजूला सरकत होतं, कारण स्तंभाचा खरा मध्य ७,०२० वर होता. बारप्लॉट स्वतःच मध्यांची यादी परत देतं. ती एका नावात साठवा आणि लेबलं त्यावरच टाका.

विड्थमध्ये एकच आकडा दिलात तर चित्रात काही फरक दिसणार नाही. फंक्शन बिघडलेलं नाही. अक्षाच्या मर्यादा दिल्याशिवाय एकट्या आकड्याचा परिणाम दिसतच नाही. सगळ्या स्तंभांच्या रुंद्यांची यादी द्यायची.

आडव्या अक्षावर आकडे येत नाहीत, फक्त नावं येतात. क्षेत्रफळाची पट्टी हवी असेल तर अ‍ॅक्सिस हे फंक्शन वेगळं चालवा. आणि अरुंद स्तंभांची नावं एकमेकांवर येत असतील तर आर त्यातलं एखादं मुकाट्याने गाळतं. सिंधुदुर्ग गायब झालं तर घाबरू नका; लास = २ देऊन नावं उभी करा.

पायरी ५: जीजीप्लॉट

चांगलं दिसणारं चित्र हवं असेल तर आरचं जीजीप्लॉट हे पॅकेजच. माझा सल्ला: जिऑम-कॉलच्या नादी लागू नका, जिऑम-रेक्ट घ्या. त्याला चार कडा द्यायच्या: एक्समिन म्हणजे डावी कड, एक्समॅक्स म्हणजे उजवी, वायमिन शून्य, वायमॅक्स घनता. पायरी ३ चा कागद इथे जसाच्या तसा उतरतो. स्तंभांना पांढरी किनार द्या, नाहीतर दोन शेजारी एकच वाटतात.

जिऑम-कॉलमध्येही रुंदी देता येते, पण तेव्हा एक्सला जिल्ह्याचं नाव न देता मध्याचा आकडा द्यावा लागतो. नाव दिलंत तर जीजीप्लॉट जिल्ह्यांना १, २, ३, ४ अशा जागा देतं आणि त्या एकेका जागेत ९,५५८ रुंदीचा स्तंभ कोंबतं. स्तंभ एकमेकांवर चढल्याची सूचना लाल अक्षरांत येते आणि पडद्यावर एक मोठा ठोकळा दिसतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर तोच ठोकळा होता.

नावांसाठी स्केल-एक्स-कंटिन्युअस मध्ये ब्रेक्स म्हणून मध्य आणि लेबल्स म्हणून जिल्ह्यांची नावं द्या.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू हवा. साध्या बार चार्टमध्ये अक्ष कापला तर उंची खोटी पडते. इथे आयतच खोटा पडतो. वायलिम (उभ्या अक्षाच्या मर्यादा) ५० पासून दिलंत तर जीजीप्लॉट शिक्षाही करतं: शून्यावर पाय असलेले सगळे स्तंभच काढून टाकतं. त्याच न्यायाने लॉग स्केलही (१, १०, १०० सारख्या अंतरावर येतात तो अक्ष) नाही. लॉग घेतला की क्षेत्रफळ म्हणजे लोकसंख्या हा हिशेबच मोडतो.

पायरी ६: पायथन

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेखांच्या लायब्ररीतल्या बार फंक्शनला रुंद्यांची यादी चालते. सापळा एकच, पण हमखास: अलाइन हा पर्याय मुळात सेंटर असतो. तुम्ही डाव्या कडा दिल्यात आणि अलाइन तसंच सोडलंत तर प्रत्येक स्तंभ स्वतःच्या अर्ध्या रुंदीइतका डावीकडे सरकतो. रुंद्या वेगळ्या, म्हणून सरकणंही वेगळं. ठाणे उणे ४,७७९ पासून सुरू होऊन ४,७७९ ला संपतं, आणि पुणे १,७३६.५ लाच सुरू होऊन ठाण्यावर बसतं. अलाइनला एज सांगा, किंवा डाव्या कडांऐवजी मध्य द्या. दोन्हीपैकी एकच करा. दोन्ही केलंत तर स्तंभ उलट्या दिशेला सरकतील.

पायरी ७: मराठी नावं नीट उमटतात का बघा

हे इंग्रजी ट्युटोरियलांत सापडत नाही म्हणून वेगळं लिहिते. मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी फॉन्ट दिला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळत नाहीत. "सिंधुदुर्ग" मधली पहिली वेलांटी स च्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे जाऊन बसते आणि रफार सुटा पडतो. "गडचिरोली"ची तीच गत. गंमत म्हणजे "ठाणे" आणि "पुणे" अगदी व्यवस्थित दिसतात, त्यामुळे घाईत बघितलं तर चूक कळत नाही. तपासताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेलं नावच बघा.

आरमध्ये चित्र सेव्ह करताना रॅग नावाचं पॅकेज वापरा, ते अक्षरं जोडून देतं. जीजीसेव्हमध्ये डिव्हाइस म्हणून रॅगचं पीएनजी सांगायचं. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या. फुकट आहे आणि नीट छापला जातो.

पायरी ८: एक्सेलच हवं असेल तर

एक्सेलमध्ये असा चार्ट तयार नाही. कॉलम चार्टमधली गॅप विड्थ सगळ्या स्तंभांना एकदमच लागू होते. पण एक जुगाड आहे: एरिया चार्ट आणि तारखेचा अक्ष.

पहिल्या कॉलममध्ये कडा लिहा, मधली प्रत्येक कड दोनदा: ०, ९५५८, ९५५८, २५२०१, २५२०१, ३०४०८, ३०४०८, ४४८२०. आठ ओळी झाल्या. पुढे प्रत्येक जिल्ह्याला एक कॉलम. ठाण्याच्या कॉलममध्ये पहिल्या दोन ओळींत ११५७, बाकी शून्य. पुण्याच्या कॉलममध्ये तिसऱ्या-चौथ्या ओळीत ६०३, बाकी शून्य. असंच पुढे. एरिया चार्ट काढा, आडव्या अक्षाची लेबलं म्हणून कडांचा कॉलम द्या आणि अक्षाचा प्रकार डेट अ‍ॅक्सिस करा, एकक दिवस. तारखेच्या अक्षावर एकाच "दिवशी" दोन आकडे आले की एक्सेल सरळ उभी रेघ मारतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. अक्ष टेक्स्ट राहिला तर स्तंभांऐवजी सह्याद्रीच्या रांगा दिसतील.

अक्षावर तारखा दिसू लागल्या तर दचकू नका. गडचिरोलीची उजवी कड, ४४,८२०, एक्सेलच्या लेखी १६ सप्टेंबर २०२२ आहे. नंबर फॉरमॅट जनरल करा. हा अक्ष पूर्णांकच पाळतो, म्हणून दशांश असतील तर आधी १० किंवा १०० ने गुणून घ्या. नावं मात्र टेक्स्ट बॉक्सने हातानेच लावायची. वर्षातून एकदा करायला ठीक आहे. दर महिन्याचा रिपोर्ट असेल तर आर शिका.

स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी: टूवे बारमध्ये बारविड्थ एका थराला एकच घेतं. म्हणून प्रत्येक स्तंभाचा वेगळा थर करायचा, एक्सला मध्य द्यायचा आणि थर एकावर एक टाकायचे. चार स्तंभांना चालतं, छत्तीसला लूप लिहा.

थांबा: तुम्हाला आयतालेख तर नको आहे?

रुंदी म्हणजे वर्गांतर असेल, उदाहरणार्थ जमीनधारणेचे ० ते ५ एकर आणि ५ ते २५ एकर असे गट, तर तो स्तंभालेख नाही, आयतालेख आहे. तिथे उंचीला संख्या देऊन चालत नाही. संख्या भागिले रुंदी द्यावी लागते. समजा पहिल्या गटात ४० शेतकरी आणि दुसऱ्यात ६०. उंची ४० आणि ६० ठेवलीत तर दुसरा आयत पहिल्याच्या सहापट होईल, माणसं मात्र दीडपटच आहेत. बरोबर उंची एकरी ८ आणि ३. आरचं हिस्ट फंक्शन असमान वर्ग दिसले की हे आपणहून करतं; तुम्ही फ्रेक = ट्रू (हे ट्रू मात्र मोठ्या लिपीत) म्हणून हट्ट धरलात तर क्षेत्रफळं चुकीची आहेत असा इशारा देतं. तो ऐका.

आणि प्रत्येक स्तंभाच्या आत टक्क्यांचे तुकडेही हवे असतील (जिल्ह्याच्या रुंदीत शहरी-ग्रामीण वाटा, वगैरे) तर त्याला मोझेक प्लॉट किंवा मेक्को चार्ट म्हणतात. हे दुसरं नाव मारिमेक्को या फिनलंडच्या कापड कंपनीवरून आलं आहे. आरमध्ये मोझेकप्लॉट फंक्शन आहे. त्याला टक्के देऊ नका, मूळ संख्यांचं कोष्टक द्या, टक्के ते काढतं.

पायरी ९: वाचणाऱ्याला किल्ली द्या

लोकांना असा चार्ट वाचायची सवय नसते. चित्राखाली स्पष्ट लिहा: रुंदी म्हणजे क्षेत्रफळ, उंची म्हणजे घनता, आयत म्हणजे लोकसंख्या. त्याहून उपयोगी म्हणजे कोपऱ्यात एक छोटा नमुन्याचा आयत. मी ५,००० चौ. किमी रुंद आणि १०० उंच असा काढला आणि शेजारी लिहिलं: "एवढा आयत = ५ लाख माणसं". प्रत्येक स्तंभावर लोकसंख्या लाखांत लिहा, आणि तो आकडा रुंदी × उंचीशी जुळतो का ते बघा. थोडा फरक घनता पूर्णांकात घेतल्याने पडेल. मोठा पडला तर पायरी २ ला परत.

पायरी १०: मुंबईचं काय करायचं

महाराष्ट्राचा असा कुठलाही चार्ट काढलात की हा प्रश्न येणारच. मुंबई उपनगर जिल्हा ४४६ चौ. किमी, घनता २०,९८०. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी. चार्ट २० सेंटिमीटर रुंद काढला तर उपनगराच्या वाट्याला ०.२९ मिलिमीटर येतात. त्याची उंची १० सेंटिमीटर ठेवली तर गडचिरोलीची होते ०.३५ मिलिमीटर. एक उभा केस आणि एक आडवा केस. उपाय म्हणून लॉग स्केल सुचतोच, आणि तो का चालत नाही ते वर लिहिलंय. अक्ष मध्येच तोडून नागमोडी खूण करणं हीसुद्धा तीच फसवणूक आहे.

मी मुंबईचे दोन्ही जिल्हे चार्टबाहेर ठेवले, खाली त्यांचे आकडे लिहिले आणि नवीन पान घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी गडचिरोलीचा लांबलचक, बुटका पट्टा पेनने डावीकडून उजवीकडे मोजला, सिंधुदुर्गाचा मोजला, मान हलवली. मग विचारलं, "आणि मुंबई कुठे गेली?" मी तळटीप दाखवली. "टाइप मोठा कर," म्हणाल्या.